खुलासा : पावसात डांबरी घाटातही फोर-बाय-फोर लावूनच चालवायची?

‘पावसाळ्यात घाट लागला की लीव्हर ४-एचवर (फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद) टाका, गाडी घसरत नाही,’ असा सल्ला सध्या फिरतोय. थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्यांसाठी तो चुकीचा आहे.

या गाड्यांना मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. ४-एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. चिखलात किंवा सुट्या खडीवर चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. पकड असलेल्या डांबरावर तसं होत नाही, मग ताण ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा), शाफ्टचे जॉइंट आणि टायर यांच्यावर येतो. स्टीअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, लीव्हर अडकतो. अडकलाच तर जोर लावू नका, सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोर-बाय-फोर गाडीला पुढे ढकलतं, ब्रेकचं अंतर कमी करत नाही. ओल्या घाटात थांबवतात ते टायर आणि तुमचा कमी वेग. उतारावर खालचा गिअर ठेवा, न्यूट्रल कधीच नको.

डांबर संपून चिखल सुरू होण्याआधीच ४-एच लावा, रुतल्यावर नाही. तीव्र, निसरड्या कच्च्या उतारावर गाडी पूर्ण थांबवून ४-एल (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त जोर) आणि पहिला गिअर. पक्का रस्ता लागताच परत २-एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद.

ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद आपोआप वाटणाऱ्या) गाड्यांची रचना वेगळी असते, त्यांना ४-एचबद्दलचं हे लागू नाही; ब्रेक आणि वेगाचं मात्र लागू आहे.