दीड शहाणी

आमच्या भिशीत वीस बायका आहेत आणि अकरा वर्षं तिचा हिशेब माझ्याकडं आहे. कोण पाचशे रोख देते, कोण दोनशे आत्ता आणि तीनशे "ह्यांचा पगार झाला की", कोण मागल्या महिन्याचे राहिलेले चारशे धरून पाचशेच्या दोन नोटा पुढं करते आणि शंभर परत मागते, हे सगळं मी वही न उघडता सांगते. गल्लीत मला मशीन वैनी म्हणतात. भाजीवाला माझ्यासमोर मोबाईलमधला कॅल्क्युलेटर काढत नाही, आधी माझ्या तोंडाकडं बघतो.

हे सगळं मी सुट्टीला आलेल्या लेकीला, ती जेवत असताना, चौथ्यांदा सांगत होते. तिथंच चुकलं.

"तुला लई येतंय न्हवं गणित?" ती म्हणाली. "मग हे कर."

तिनं बॅगेतनं एक छापील कागद काढला. सहा बाय सहाचा चौकोन, छत्तीस घरं. दोन-दोन, तीन-तीन घरांना मिळून जाड रेघेचं कुंपण, आणि प्रत्येक कुंपणाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं: ११+, ५−, ३÷, १२०×.

"ह्याला केनकेन म्हणतात. जपानमधल्या तेत्सुया मियामोतो नावाच्या गणिताच्या मास्तरांनी २००४ साली काढलं. आता परदेशातल्या पेपरांत सुडोकूशेजारी छापून येतंय. केन म्हणजे शहाणपण."

"मग केनकेन म्हणजे दोनदा शहाणपण?"

"तसंच काहीतरी."

आमच्याकडं शहाणपण एकाच्या वर गेलं की त्या माणसाला दीड शहाणा म्हणतात. हे लोक थेट दोनावर गेले होते, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

त्या मास्तरांची पद्धत म्हणे 'न शिकवता शिकवणं'. पोरांपुढं कोडं ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं, पोरं आपली आपण शिकतात. आमच्या शाळेतले मास्तरपण शिकवत नव्हते, पण ते कोडंही देत नव्हते. लेकीनं मात्र ही पद्धत मनापासून उचलली. नियम सांगितले आणि मोबाईल घेऊन पडली.

नियम ऐकले तेव्हा डोक्यात काही शिरेना, म्हणून मी मनातल्या मनात त्या चौकोनाचं कोल्हापूर करून टाकलं. आडव्या आणि उभ्या ओळी म्हणजे गल्ल्या. प्रत्येक गल्लीत सहा घरं, त्यात एक ते सहा नंबरची माणसं राहायला घालायची, आणि एका गल्लीत एका नंबरचा एकच माणूस. जाड रेघेच्या आतली घरं म्हणजे पेठ. शिवाजी पेठ म्हणते, आमच्या दोन घरांची बेरीज अकराच पाहिजे. मंगळवार पेठ म्हणते, आमच्या तिघांचा गुणाकार एकशेवीस. आणि पेठेनं एकदा म्हटलं की म्हटलं. फुटबॉलच्या सीझनला आमच्या दारावरनं झेंडे लावलेल्या गाड्या कशा जातात ते ज्यानं बघितलंय, त्याला पेठेचा हट्ट म्हणजे काय ते सांगायला नको.

आधी मला सरावाला चार बाय चारचं छोटं कोडं दिलं होतं. ते मी कुकरच्या तीन शिट्ट्यांत उडवलं. मग हे मोठं घेतलं आणि सुरुवातीला तेही सरसर चाललं. दोन घरांत ११+? पाच आणि सहा, दुसरं कोण असणार. ५−? एक आणि सहा. दोन घरांत १५×? तीन आणि पाच. तीन घरांत १२०×? चार, पाच, सहा. पाच मिनिटांत ह्या चार पेठा मी पाठ केल्या आणि लेकीकडं बघून भुवई उडवली.

तिनं मोबाईलवरनं नजर न काढता विचारलं, "बरं. मग पाच डावीकडं का उजवीकडं?"

भिशीच्या हिशेबात हा प्रश्न मला अकरा वर्षांत कधी पडला नव्हता. पाच आणि सहा मिळून अकरा झाले की वही मिटायची. पाच कुणी आधी दिले आणि सहा कुणी नंतर, ह्याच्याशी मला काय करायचंय? इथं मात्र अकरा झाल्यावर खरी भांडणं सुरू.

मी पाच डावीकडं लिहिला. का? तर पाच आधी येतो म्हणून. आणि लिहिला बॉलपेननं, कारण मशीन वैनी पेन्सिलीनं लिहीत नाही.

दीड तासानं शेवटच्या गल्लीत दोन घरं उरली, दोन्ही घरांत चारच बसत होता, आणि कागदाची अवस्था अशी, की खाडाखोड कुठली आणि आकडे कुठले ते मलाच कळेना. लेकीनं त्याच कोड्याची दुसरी प्रत काढून दिली. पाच होत्या तिच्याकडं. आईला पुरती ओळखून आहे.

मग पेन्सिल आली, खोडरबर आला, आणि लेकीनं दया येऊन एक युक्ती सांगितली. घरात कोण येईल हे नक्की नसलं की शक्य असतील ते सगळे आकडे बारीक अक्षरात वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे, मग एकेक खोडत जायचं. मी लिहिले. तासाभरात त्या चौकोनाची नगरपालिकेची निवडणूक झाली. प्रत्येक घरात पाच-पाच जणांनी अर्ज भरलेला आणि माघार कुणीच घेईना.

मधेच एखादी जागा सुटायची. किरणोत्सवात अंबाबाईच्या देवळात सूर्याची किरणं पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायापर्यंत येतात तसं वाटायचं, आता चेहऱ्यापर्यंत जाणार. आणि नेमका ढग यायचा.

रविवारी जे झालं ते सांगायला नको वाटतंय, पण गल्लीत झालंच आहे, तर इथंही होऊ दे. रविवार म्हणजे मटण. तांबड्याचं वाटण झालेलं, अळणी पाणी काढून ठेवलेलं, नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा मंद आचेवर ठेवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पांढऱ्या रश्शाला एकटं सोडायचं नसतं. जरा जोराची उकळी बसली की नारळाचं दूध फुटतंय. मी फक्त चौथ्या गल्लीतला पाच कुठं जाईल एवढंच बघायला बाहेर आले होते. पाच सापडला. परत आत गेले तर पातेल्यात खाली पाणी आणि वर गुठळ्या.

आमचे हे जेवायला बसले, वाटीत बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तांबडाच वाढ." एकोणतीस वर्षांच्या संसारात इतकं दुखवणारं वाक्य त्यांच्या तोंडातनं आलं नव्हतं.

संध्याकाळी मी कपाळाला हात लावून सोप्यात बसले होते. समोर आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी. पण ती चौथी साधी नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या सक्तीत आत्यांचे वडील शाळेत ढकलले गेले, आणि आपल्याला झालेला त्रास त्यांनी पुढच्या पिढीला पुरेपूर दिला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळं पाठ. अजूनही साडेसात मीटर कापडाचे पैसे दुकानदाराच्या आधी आत्या सांगतात. तेव्हा मला वाटलं, मदत झाली तर गुणाकारात होईल.

"काय गं, कशापायी असं तोंड करून बसलीयास? भिशीत कोण पळालं काय?"

मी कोडं सांगितलं. गल्ल्या, पेठा, सगळं. त्यांनी कागद मागितला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासनं बारीक अक्षराच्या त्या नादाला लागत नाहीत.

"कुठं अडलंय?"

"हे एक घर आहे, तिथं कोण ते कळेना. पेठेची बेरीज केली, वजा करून बघितलं—"

"बेरीज ऱ्हाऊ दे. त्येच्या आडव्या गल्लीत कोण कोण बसलंय?"

"दोन, तीन, सहा."

"आन् उभ्या गल्लीत?"

"एक आणि चार."

अडकित्ता कट्‌ वाजला. "मग पाचच की. दुसरं कोण ऱ्हायलंय?"

मी त्या घराकडं बघत राहिले. दोन तास मी त्या पेठेची बेरीज करत होते आणि आत्यांनी बेरजेला हातसुद्धा लावला नव्हता. तिथं कोण येईल हे त्यांनी विचारलंच नाही. कोण येऊ शकत नाही तेवढं विचारलं आणि उरलेल्याला आत घेतलं.

मग माझ्या लक्षात आलं, ह्या बाईनं घरातल्या सात लग्नांच्या पंगती बसवल्यात. थोरल्या चुलत्यासमोर धाकटा नको, बांधावरनं बोलणं बंद आहे. मुंबईच्या आत्तीशेजारी कागलची मावशी नको. नवऱ्या मुलाचा मामा दारासमोर नको, रुसून गेला तर सगळ्यांना दिसेल. एवढ्या 'नको'तनं वाट काढून दोनशे पानं उठवलेल्या माणसाला छत्तीस घरं म्हणजे काय?

"खुळ्यागत समद्या घरात डोकावत बसू नगंस," आत्या म्हणाल्या. "जितं एकच माणूस ऱ्हाऊ शकतंय, त्या दारातनं आत शिर."

त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून अर्धा चौकोन भरला. मी कागद वाचून दाखवायची, त्या सुपारी कातरायच्या. एकदाच आमचं वाजलं. कोपऱ्यातली तीन घरांची पेठ, काटकोनात वळलेली, मागणी ६×. मी म्हटलं, एक, दोन, तीन. सहाचा गुणाकार तिघांत दुसरा कसा होणार?

"एक, एक, सहा," आत्या म्हणाल्या.

"आत्या, एक दोनदा येत नाही. नियम आहे."

"नियम गल्लीचा हाय, का पेठेचा?"

मी गप्प.

"तुझ्या भिशीत एकाच पेठंतल्या दोन पाटलीणबाई हाईत न्हवं? एका गल्लीत ऱ्हात्यात काय?"

राहत नाहीत. एक वरच्या आळीला, एक खालच्या. मी कागद बघितला. वळणावरच्या घरात सहा ठेवला तर दोन्ही टोकांना एक-एक एक बसत होता. दोघांची आडवी गल्ली वेगळी, उभी गल्ली वेगळी. सगळं नियमात. आत्यांनी पुढची सुपारी घेतली.

आता मी काहीच केलं नाही असं वाटायला नको, म्हणून माझा शोध सांगते. मंगळवारी भिशी होती. वीस गुणिले पाचशे, दहा हजार. पैसे मोजले तर साडेनऊ हजार. अशा वेळी मी कधी विचारत बसत नाही की तू दिलेस का, तू दिलेस का. एकूण किती यायचेत ते ठरलेलं, आलेले किती ते हातात, वजा केलं की राहिलं ते समोर. आणि नोटा हातात तशाच धरून मी थबकले. गल्लीत एक ते सहा सगळे येणारच. म्हणजे कुठल्याही गल्लीची बेरीज एकवीस. ठरलेली!

घरी येऊन चपला न काढता कागद घेतला. पाचव्या गल्लीत दोन घरांची पेठ ११+, तिच्याशेजारी तीन घरांची पेठ ७+, दोन्ही अख्ख्या त्याच गल्लीत. अकरा आणि सात, अठरा. एकवीसातनं अठरा गेले, उरलेल्या घरात तीन. कोण कुठं बसलंय ह्याचा पत्ता नाही, आणि तरी तीन सापडला! मी एवढ्यानं ओरडले की हे बाहेर आले आणि आधी गॅसकडं बघून मग माझ्याकडं वळले.

(कोण राहिलं होतं ते भिशीत विचारायचं राहूनच गेलं. ते पाचशे मी घातले. अजून कुणी कबूल नाही.)

एकवीसाचं आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "हां, ते तुझं काम. मला काय येतंय हिशेबातलं." चेहरा सरळ होता, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा कधी सरळ असतो ते मला एवढ्या वर्षांत कळत नाही.

बुधवारी दिवसभर खोडरबर सापडेना. गादीखाली बघितलं, देव्हाऱ्यामागं बघितलं. शेवटी नव्या प्रतीवर सगळं उतरवून काढलं, आणि उरलेली घरं रात्री साडेअकरापर्यंत बसून एकटीनं भरली. छत्तीसच्या छत्तीस. वरनं बॉलपेन फिरवला. लेक तोवर पुण्याला परत गेली होती, तिला फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'मशीन वैनी.'

लगेच उत्तर आलं. 'आई, तिसऱ्या ओळीत दोन पाच आहेत.'

मी चष्मा पुसून बघितलं. होते. एक डावीकडं, एक पार उजवीकडं, चांगले निवांत बसलेले.

आत्यांच्या खोलीतला दिवा चालू होता. दारातनं कागद पुढं धरला आणि म्हटलं, "आत्या, दोन्ही पाटलीणबाई एकाच गल्लीत आल्या."

"तिसऱ्या न्हवं का? सकाळीच बघितलं मी," आत्या म्हणाल्या. "खोडरबर माझ्या सुपारीच्या डब्यात हाय, घे."