कुंपणावरची वेल घालवण्याचे खात्रीशीर उपाय

मागच्या वाडीत वेल माजली, कुंपणाच्या तुराट्या दिसेनाशा झाल्या, लिंबाचं झाड अंगावर पिवळं जाळं घेऊन उभं आहे आणि तुम्हाला आता जाग आली. हरकत नाही, भाऊ. वेलीला फुलं येऊन बी पडेपर्यंत हात लावायचाच नसतो. त्याआधी का कमी कामं असतात? पेरणी, डवरणी, सोयाबीनचं निंदण. बाया वावरात लागतात, घरामागच्या चार हात जागेत कोण मजुरी घालवणार? पोळा झाला की पाहू म्हणावं. पोळा झाला की महालक्ष्म्या येतात, त्या गेल्या की सोयाबीन सोंगायला येतं. तोवर वेल आपलं सारं उरकून बसलेली असते.

आधी अमरवेलीचं पाहू. हिला ना पानं, ना जमिनीत मूळ. बी रुजलं की बारीक धागा वर येतो, आणि काही दिवसांत त्याला हिरवं झाड सापडलं नाही तर मरतो. तेवढ्या दिवसांत तो दिसला तर दोन बोटांनी उपटता येईल. म्हणून त्या दिवसांत वाडीकडे फिरकू नये. झाड सापडलं की ती खोडात आपली तोंडं रुतवते आणि मातीशी संबंध तोडून टाकते. मग तुम्ही बाह्या सरसावा. मूठ-मूठ धरून ओढा. धागे हातात येतील, रुतलेली तोंडं फांदीतच राहतील आणि तिथूनच ती पुन्हा फुटेल. ती ज्या फांदीला चिकटली ती फांदीच खालून छाटावी, असं कुणी सुचवेल. त्याला सांगा, लिंबाला बहर आहे. लिंबू उद्या पुरतं जाईल ते जाईल, पण आज एक फांदी तोडायची म्हणजे काय?

आता ओढलेला ढीग. जाळू नका, धूर होतो. शेजाऱ्याच्या मेंदीवर टाका. तोडलेला तुकडासुद्धा नव्या झाडाला धरतो, त्यामुळे शेजारधर्म वाया जात नाही. शेजारी पाहत असेल तर गाईपुढे टाका. बी गाईच्या पोटातून धडधाकट बाहेर पडतं. शेणातून उकंड्यावर, उकंड्यावरून खतासोबत तुमच्याच वावरात. तिथं ते दहा वर्षंही निवांत पडून राहू शकतं. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचं बी निघालं तर बियाणं प्रमाणित करणारे अडून बसतात, म्हणून आपण मोकळ्या पोत्यातलं स्वस्त बियाणं घ्यावं.

हरणखुरीला मात्र कुदळच हवी. घंटेच्या आकाराची पांढरी-गुलाबी फुलं, दिसायला गरीब. मुळं काळ्या मातीत माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात. एक दिवस ठरवून, घाम गाळून, सगळी वाडी खणून काढा. बोटभर मुळाचा तुकडाही फुटतो, त्यामुळे जितकं बारीक तोडाल तितकी रोपं. लागवडीचा याहून सोपा प्रकार कृषी विभागालाही सुचलेला नाही.

फाटकावर आइसक्रीम वेल लावली नसेल तर तीही लावून घ्या. मेक्सिकोची आहे, जमिनीखाली गाठी धरते, कितीही कापा.

फवाऱ्याशिवाय तर आपलं पान हलत नाही. कृषी केंद्रात जा, 'जळून गेलं पाहिजे' एवढंच सांगा, डब्यावरचं वाचू नका. ग्लायफोसेट हे तणनाशक कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांखेरीज कुणी वापरू नये, असा आदेश केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला होता. पण आदेश दिल्लीत निघतात आणि वेल इथं वाढते. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक मिळालं तर वारा सुटलेला दिवस निवडा. कपाशीला त्याची नुसती हवा लागली तरी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरतात. मग शेजारी धुऱ्यावर उभा राहून जे बोलेल ते ऐकायला गाव जमेल. हातमोजे, तोंडाला फडकं हे भित्र्यांचं काम. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली, पण ती आपल्या गल्लीतली नव्हती ना?

मोबाइलवर मीठ-व्हिनेगरचा उपाय येतो तोही करा. वरची पानं करपलेली पाहून समाधान वाटतं. मीठ मातीत राहतं, वांगी-मिरच्या जातात, हरणखुरी खालून पुन्हा डोकं काढते. एवढ्यानं भागलं नाही तर तान्ह्या पोळ्याला, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीचा पुतळा निघतो तेव्हा, जोरात ओरडा: ढेकूण, मोंगसे, हरणखुरी घेऊन जा गे मारबत! खर्च शून्य, आणि गुण वरच्या उपायांपेक्षा कमी नाही.

फक्त एका माणसापासून सांभाळून राहा. प्रत्येक गावात एक म्हातारी असते. सकाळी चहाआधी वाडीत एक चक्कर मारते, दिसेल तो कोंब फुलायच्या आत काढते. अमरवेलीची फांदी छाटून, टिनावर वाळवून चुलीत घालते. वाफ्यावर कुटार पसरते. हरणखुरी पुन्हा फुटली की पुन्हा कापते, कंटाळत नाही. दोन-तीन वर्षांत मुळातला साठाच संपतो म्हणे. दोन-तीन वर्षं! यात फोटो काढण्यासारखं काही नाही, सरकारी योजना नाही, कुणाला सांगायला तोंड नाही. तिच्या नादी लागू नका बाप्पा. तिचं कुंपण तुमच्या कुंपणाला लागून असेल तर तुमच्या बाजूची वेल तेवढी नीट फुलू द्या.