जाड्या, काळ्या, बुटक्या: ‘एक आजोबा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आजोबा, नमस्कार.

गणपतीत घरोघरी मुलांच्या अंगावरून होणाऱ्या शेरेबाजीबद्दल मी लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. गिरगावच्या तुमच्या चाळीत जाड्या, काळ्या, बुटक्या अशी नावं सर्रास होती, त्यापायी कुणाचं काही बिघडलं नाही, असं तुम्ही म्हणता. आणि आठवीतल्या नातीचं वजन वाढतंय, तर उद्या डायबेटिस होईपर्यंत घरच्यांनी गप्प बसायचं का, असंही विचारता. हा दुसरा प्रश्न खरा काळजीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चाळीतल्या ‘काळ्या’ला काय वाटायचं, हे तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं का? मला शंका आहे. शिवाय आजच्या मुलींसमोर दिवसभर कुणाचं ना कुणाचं घासूनपुसून दाखवलेलं शरीर असतं. फिजी बेटांवर धष्टपुष्ट असणं मानाचं, जेवणाचा आग्रह अगदी आपल्यासारखा. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ मध्ये असं करणाऱ्या ११ टक्क्यांहून अधिक निघाल्या. तीन वर्षांत, तेही केवळ टीव्ही असताना!

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. नववीतली एक मुलगी ऑक्टोबरच्या उकाड्यात गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट घालून बसायची. डब्यातल्या चपातीचे तुकडे करून ते कडेकडेने पसरवायची, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसतं. ‘किती सुटलीयस गं’ या मावशीच्या एका वाक्यानंतर हे सुरू झालं होतं. पुढे तिची पाळी थांबली, आणि त्याच महिन्यांत घरचे सगळे ‘छान बारीक झालीस’ म्हणून कौतुक करत होते. मला ते कौतुक जास्त भयंकर वाटतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. ‘सुकट’ म्हणून चिडवलेली पोरं आईवडिलांच्या नकळत प्रोटीन पावडरचे डबे आणतात.

आता तुमची नात. वयात येताना मुलींचं वजन वाढणं स्वाभाविक आहे. ते उंचीच्या मानाने जास्त आहे का, हे बालरोगतज्ज्ञ तक्त्यावर बघून सांगतील, नातेवाइकांच्या नजरेला ते कळत नाही. आणि टोमण्याने वजन उतरतही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये डॉक्टरांना आणि पालकांना हेच सांगितलं: वजनावर बोलणं, चिडवणं, डाएट करायला लावणं टाळा, कारण त्याने लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार दोन्ही बळावतात, घरी एकत्र जेवा. तेव्हा फरसाण, कोल्ड्रिंक कमी करायचं तर सगळ्या घराचं करा. तिच्या ताटातला भात काढून तिच्या भावाला वाढू नका. चौपाटीवर फिरायला जाताना तिलाही न्या, पण गप्पा मारायला.

मात्र ती जेवण टाळू लागली, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाऊ लागली, पाळी चुकली, चक्कर आली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि नातीच्या काळजीने आजोबांनीही फोन केला तरी चालतो.