बिना कोथिंबीर

मला कोथिंबीर आवडत नाही. एवढं बोललं की समोरच्याचा चेहरा असा होतो जणू मी लग्नाच्या पंगतीतून ताट ढकलून उठलोय. कारलं नको म्हणा, लोक समजून घेतात, शेपू नको म्हटलं तर टाळीच देतात. पण कोथिंबीर? "अरे तिला कुठे चव असते, नुसता वास असतो!" हो ना. तो वासच मला साबणाचा येतो.

खरंच सांगतो, पोह्यांचा घास घेतला की कोणीतरी कपडे धुवायची वडी किसून टाकलीये असं वाटतं. बरीच वर्षं वाटायचं आपल्याच तोंडात काहीतरी बिघाड आहे, मग वाचलं की या पानांत अल्डिहाइडं नावाची जी वासाची रसायनं असतात तसलीच साबणातही असतात, आणि वास ओळखणारा ओआर६ए२ नावाचा एक जीन आहे त्याच्यामुळे काही जणांना ती जास्तच जाणवतात. २०१२ साली टोरंटोतल्या तरुण मंडळींची एक पाहणी छापून आली, त्यात पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के लोकांना कोथिंबीर नकोशी होती, दक्षिण आशियाईंत फक्त ७ टक्क्यांना. मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. "जीनबिन काही नाही, लाडावून ठेवलाय तुला."

बरं, भाजी असती तर वाढून घेतली नसती, विषय संपला. पण ही बया शेवटी येते. पोहे मस्त मोकळे झालेत, शेंगदाणे कुरकुरीत, लिंबू पिळलंय, मी डिश घेऊन उभा, आणि तेवढ्यात वरून हिरवा पाऊस. मग मी ओट्याशी उभा राहून एकेक पान वेचतो, ते लिंबाच्या रसाने पोह्याला असं चिकटतं की पान काढलं तर पोहा पण येतो, शेवटी डिशच्या कडेला हिरवा ढीग, मधे गार झालेले पोहे.

हॉटेलात आणखी मजा. "एक मिसळ, बिना कोथिंबीर" असं वेटर भटारखान्याकडे बघून ओरडतो, चार टेबलं वळून बघतात, आणि मिसळ येते ती कोथिंबीर घालूनच, कारण हात सवयीने जातो त्याला कोण काय करणार. भाजीवाली तर जुडी पिशवीत कोंबतेच, "घ्या ओ दादा, पैसे नका देऊ." फुकट मिळते म्हणून बायको खूश.

आता कबुली. मला कोथिंबीर वडी आवडते. आवडते म्हणजे सात-आठ सहज जातात. यातही शास्त्र आहे हो, पानं चिरली, उंडे वाफवले, कापून तळले की ती अल्डिहाइडं बरीचशी उडून जातात, उरतं ते बेसन, तीळ आणि कुरकुरीतपणा. धन्यांचंही मला काही वावडं नाही, त्यांचा वासच वेगळा. पण हे आत्याला कोण समजावणार? गेल्या दिवाळीत तिच्याकडे मी नवव्या वडीला हात घातला आणि ती नुसती बघत राहिली, काही बोलली नाही, फक्त आत जाऊन आईला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी घरी उपमा होता. निदान चमच्याने उकरल्यावर खाली उपमा सापडला.