समाजशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात हैती का नाही?

समाजशास्त्राचं बहुतेक कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या. पहिल्या प्रकरणात फ्रान्सची राजकीय क्रांती आणि इंग्लंडची औद्योगिक क्रांती. शेवटी कुठेतरी जागतिकीकरण, आणि राष्ट्र-राज्य दुबळं झालं की नाही यावर चर्चा. जणू आधी राष्ट्रं आपापल्या सीमेत सुखाने नांदत होती आणि जग त्यांच्यात नंतर शिरलं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

१७८९ मध्ये पॅरिसला मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, तेव्हा फ्रान्सच्या कॅरिबियनमधल्या सँ-दोमिंग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे पाच लाख गुलाम ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत राबत होते. जाहीरनाम्याने त्यांची सुटका केली नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनीच उठाव केला. १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच आयुक्तांना गुलामगिरी रद्द करावी लागली आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसने तेच सर्व वसाहतींना लागू केलं. म्हणजे समता इथे वसाहतीतून राजधानीकडे गेली! पुढे नेपोलियनने फौज पाठवली, ती हरली, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला.

१८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका धाडून स्वातंत्र्याला मान्यता देण्याची किंमत सांगितली: १५ कोटी फ्रँक, मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून. त्या नुकसानीत सुटलेली माणसंही धरलेली. पहिला हप्ता भरायला हैतीने कर्ज काढलं तेही पॅरिसमध्येच. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यापायी झालेली कर्जं विसाव्या शतकापर्यंत फिटत होती. परकीय कर्जाखाली दबलेलं राज्य दाखवायला १९९० ची वाट कशाला बघायची?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ मध्ये राज्याची व्याख्या केली: ठरावीक भूभागात वैध बळाची मक्तेदारी. व्याख्या उपयोगी आहे, पण भूभाग कुठला, हे न विचारता ती वापरली की घोटाळा होतो. अल्जीरिया १८४८ पासून १९६२ पर्यंत कागदोपत्री फ्रान्सच होता. तिथल्या बहुसंख्य मुसलमानांना मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत पूर्ण नागरिकत्व नव्हतं. अशा वेळी नकाशा बाजूला ठेवून महसूल कुठून आला, राबलं कोण आणि मत कोणाला होतं, हे तपासावं. 'फ्रेंच समाज' म्हणून जे शिकवतात ते साम्राज्याचा एक तुकडा निघतं.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे 'भारतीय विचारवंत' असं वेगळं प्रकरण जोडणं. त्याने पहिलं प्रकरण जसंच्या तसं राहतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी जातीचा प्रश्न अटलांटिकपलीकडच्या गुलामीशी जोडला होता. हे पुस्तक १७८९ च्या शेजारी, पहिल्याच प्रकरणात शिकवायला हवं.