काकानू, तुमी पण पैशे दिलास मां?

लांब पोस्ट आहे. ज्यांच्या घरातलं कोणी बोटीवर आहे किंवा जायच्या तयारीत आहे त्यांनी वाचा. बाकीच्यांनी सोडून दिली तरी राग नाही.

गेल्या रविवारी सकाळी वाडीतली एक बाई पेढे घेऊन दारात. "भावजी, झिलाचा काम झाला. बोटीर लागलो." मागे तिचा मुलगा उभा, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ऑफर लेटर. पोरगा चोवीस वर्षांचा, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलेला, तीन सीझन कळंगुटच्या एका हॉटेलात राबलेला. कामाला वाघ. मी अठरा वर्षं क्रूझवर काढली, त्यामुळे बोटीचा कुठलाही कागद वाडीत आला की तो आधी माझ्या ओटीवर येतो.

लेटर वाचलं आणि तोंडातला पेढा गिळवेना.

पोस्ट गॅली युटिलिटी. पगार महिना २,८०० डॉलर. राहायला 'सी व्ह्यू सिंगल रूम'. जॉइनिंग 'पोर्ट ऑफ ऑर्लँडो'. खाली कॅप्टनची सही आणि नांगराचं चित्र असलेला निळा गोल शिक्का.

एक काँट्रॅक्ट करून आलेला माणूस इथेच हसायला लागेल. ऑर्लँडोला समुद्रच नाही! पाहुणे तिथे विमानाने उतरतात आणि तासभर बसने पोर्ट कॅनाव्हरलला जातात, जहाज तिथे लागतं. गॅली युटिलिटी म्हणजे भांडी, लादी आणि कचरा. त्या माणसाला समुद्र दिसणारी खोली? आम्ही पाण्याच्या पातळीखाली राहायचो, एका केबिनमध्ये दोघे, वरखाली बंक. दिवस आहे की रात्र ते घड्याळावरून कळायचं. आणि भांडी घासणाऱ्याच्या नेमणुकीवर कॅप्टन सही करत बसत नाही, ती कामं किनाऱ्यावरच्या ऑफिसची. राहिले २,८०० डॉलर. त्या कामाला आजही हजाराच्या आतबाहेर मिळतात. एवढे मिळत असते तर मी कशाला उतरलो असतो?

मुलाला विचारलं, इंटरव्ह्यूत काय काय विचारलं रे? म्हणाला, नाव, गाव, पासपोर्ट आहे का, आणि पेमेंट कसं करणार.

बस. गॅलीच्या माणसाला तीन बादल्यांबद्दल न विचारता सोडतात? लाल बादली साबणाची, करडी साध्या पाण्याची, पांढरी सॅनिटायझरची. अमेरिकेचे आरोग्य निरीक्षक न सांगता जहाजावर चढतात, शंभरपैकी गुण देतात आणि ८५ किंवा त्याखाली आले की जहाज नापास. त्या भीतीने आम्ही बादल्यांचे रंग झोपेतसुद्धा पाठ म्हणायचो. खरी कंपनी तुमचं इंग्रजी तपासते, पाहुणा चिडला तर काय कराल विचारते, आधीच्या हॉटेलात फोन लावते. इकडे पोराला काम येतं की नाही याच्याशी कोणाला देणंघेणंच नव्हतं.

साडेतीन लाख ठरले होते. पन्नास हजार इंटरव्ह्यूच्या दिवशीच रोख गेले. लेटर आल्यावर दीड लाख, उरलेले व्हिसाच्या वेळी. दीड लाख बुधवारी भरायचे होते आणि त्यासाठी आईच्या पाटल्या शनिवारीच बँकेत गहाण पडल्या होत्या.

मी म्हटलं, यापुढे एक रुपया द्यायचा नाही.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी हळू, अपमान होऊ नये अशा बेताने म्हणाला, "काकानू, तेव्हा तुमी पण पैशे दिलास मां?"

ही पोस्ट त्या प्रश्नासाठी लिहितोय.

हो, दिले होते. १९९६ साली, चाळीस हजार. धोबीतलावच्या एका जिन्याखालच्या टेबलावर. बाबांनी कलमांची बाग गहाण टाकली. दोन महिने मुंबईत मामाच्या खोलीत अंथरूण टाकून रोज त्या टेबलाशी जायचो. आणि मी लागलो. पगार ४२५ डॉलर, डॉलर तेव्हा ३५-३६ रुपयांना. तीन महिन्यांत पैसे वसूल. पहिल्या सुट्टीत घराला स्लॅब पडला. ही गोष्ट मी गावात किती वेळा सांगितली असेल याला हिशेब नाही. गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, पारावर. "चाळीस हजार टाकले, पण बघा आज!" तो मुलगा ती गोष्ट ऐकतच मोठा झालाय. त्याला फसवणारा माणूस त्याच्या घरी गेला तेव्हा अर्धं काम मी आधीच करून ठेवलं होतं.

गेले आठ दिवस मला हेच खातंय. फसवणारे हुशार असतात, सायबरवाले असतात, एआयने लेटर बनवतात, सगळं खरं. पण ऑर्लँडोला बंदर काढणारा माणूस हुशार कुठला? त्याचं चालतं कारण आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक घरात ठरून गेलंय की बोटीचं काम पैसे दिल्याशिवाय होत नाही. हे त्या माणसाने शिकवलेलं नाही, आपणच एकमेकांना शिकवलंय. साहेबाच्या काळात खलाशी घाट सारंगाला, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या मुकादमाला, दस्तुरी देऊन बोटीवर चढायचे, आम्ही दलालाला दिले, आता पोरं 'कन्सल्टन्सी'ला देतात.

आणि हे बेकायदेशीर आहे, आजचं नाही, शंभर वर्षांपासूनचं. १९२० साली जिनोआला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठराव केला की खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून फी घ्यायची नाही. आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही तेच होतं. म्हणजे मी चाळीस हजार मोजले तेव्हा तो माणूस गुन्हा करत होता आणि मी त्याला 'शेठ' म्हणत होतो. पुढे एमएलसी, म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार आला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात तर यादीच दिली आहे: खलाशाने स्वतःच्या खिशातून करायचा खर्च म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि पासपोर्टसारखी कागदपत्रं. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. नोकरी लावून देण्याचे पैसे शून्य. थेट नाही, फिरवून नाही, थोडेसुद्धा नाहीत.

मला हे कधी कळलं सांगतो. २०१४ मध्ये बार्सिलोनाला आमच्या जहाजावर तपासणीवाले चढले. क्रू मेसमध्ये एकेकाला बाजूला घेऊन विचारत होते, कामासाठी कोणाला पैसे दिलेस का? मला विचारलं. मी म्हटलं, "नो सर, नो मनी." आमच्यातल्या जुन्यांनी आदल्या रात्रीच बजावलं होतं, कोणी काही बोलायचं नाही, उगाच कंपनी आपल्याकडची माणसं घेणं बंद करेल. विचारणाऱ्या बाईने मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं. तिने फॉर्मवर माझ्या नावापुढे काय लिहिलं असेल ते मला अजून दिसतं.

आता लोक मधेच विचारतील, मग कोर्सचे पैसे? ते खरंच लागतात आणि तिथेच सगळी गल्लत होते. आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार असे बेसिक सेफ्टीचे कोर्स मान्यताप्राप्त इन्स्टिट्यूटमध्ये करावे लागतात, मग सीडीसी, मग मेडिकल. हा खर्च मुलाचाच. फसवणारा बरोबर या खर्चाच्या आडोशाला बसतो. तो 'नोकरीचे पैसे' असं कधीच म्हणत नाही. प्रोसेसिंग म्हणतो, डिपॉझिट म्हणतो, डॉक्युमेंटेशन म्हणतो. पावती मागितली तर 'ट्रेनिंग' लिहून देतो. आपल्याकडच्या पोराला तर पनामाचा सीडीसी काढून देतो म्हणाले होते. भारतात राहणाऱ्या भारतीय मुलाला पनामाचा कशाला?

आणखी एक खुबी. एका एजंटने मला फोनवर ऐकवलं, "सरकारनेच तीस हजार घ्यायची परवानगी दिलीय, तुम्ही वाचत नाही." तीस हजारांचा नियम आहे, खोटं नाही. पण तो आखाती देशांत वगैरे जमिनीवर कामाला जाणाऱ्यांचा, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालचा. खलाशाला तो लागू नाही. क्रूझवरचा वेटर, कुक, केबिन साफ करणारासुद्धा खलाशीच. अर्धी खरी गोष्ट हातात असली की माणूस केवढ्या जोरात बोलतो ते त्या दिवशी ऐकलं.

खलाशांची भरती करायला डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्यासाठी बँक गॅरंटी ठेवावी लागते. लायसन्सवाल्यांची यादी डीजीच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. आमच्या मुलाच्या लेटरवर आरपीएसएल नंबर होता. यादीत शोधला, सापडला, पोराचा चेहरा उजळला. मी म्हटलं थांब. लेटरवरचा फोन नंबर सोडून दिला आणि यादीत त्या कंपनीचा जो नंबर होता तो लावला. पलीकडच्या बाईंनी नाव ऐकताच सांगितलं, आमच्या नावाने असले लेटर फिरतायत, आम्ही तक्रार केलीय, तुम्ही पैसे भरू नका. नंबर खरा होता, तो वापरणारा खोटा. हे करायला मला दहा मिनिटं लागली. त्या पोराने तीन महिन्यांत हे केलं नाही, कारण मध्ये ओळखीचा माणूस होता.

त्या ओळखीच्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. तो आपल्या तालुक्यातलाच आहे, स्वतः दोन काँट्रॅक्ट करून आलेला. "साहेब आपलेच आहेत" म्हणत पोरं नेऊन घालतो आणि डोक्यामागे पैसे घेतो. उद्या विचाराल तर म्हणेल मी पण फसलो. काही वेळा ते खरंही असतं. पण पाचव्या पोराच्या वेळीही तू फसलेलाच कसा राहतोस, बाबा?

२०२० मध्ये कोरोनात सगळी क्रूझ जहाजं उभी राहिली, आपली कितीतरी पोरं महिनोन् महिने बोटींवर अडकली, मग घरी बसली. भरती परत उघडल्यावर जी घाई झाली त्यात या मंडळींचं फावलं. नवी मुंबईत चकचकीत काचेची ऑफिसं, भिंतीवर जहाजाचा फोटो, रिसेप्शनला मुलगी. सहा महिन्यांनी जावं तर तिथे दुसराच बोर्ड. काहींना टुरिस्ट व्हिसावर दुबईला किंवा मलेशियाला पाठवतात, "तिथून जहाज पकडायचं" सांगून. अमेरिकेच्या बंदरावर जहाज धरायचं असेल तर क्रूचा सी१/डी व्हिसा लागतो आणि त्याची गॅरंटी जगातला कुठलाही एजंट देऊ शकत नाही. वकिलातीतला खिडकीमागचा माणूस नाही म्हणाला की नाही.

'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिणाऱ्या क्रूझ डिप्लोमावाल्यांबद्दल वेगळं लिहीन. सगळे चोर नाहीत, काही ठिकाणी चांगलं शिकवतात. पण फीच्या आकड्यात प्लेसमेंटचे पैसे मिसळलेत का, हे बापाने दारातच विचारावं.

पन्नास हजारांचं काय झालं? सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो. रोख दिलेत, पावती नाही, हा आपसातला व्यवहार आहे, असं पहिलं उत्तर मिळालं. अपेक्षितच. मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, पण ऑनलाइन पैसे गेले असते तर खातं गोठवता आलं असतं, रोखीला ते काय करणार. पोराकडे व्हॉट्सअॅपचे मेसेज आहेत, ऑफिसमध्ये काढलेला सेल्फी आहे (मागे बोर्ड स्पष्ट दिसतो, देव पावला), आणि 'टोकन रिसीव्ड' असा एक मेसेज आहे. सगळं प्रिंट काढून ठेवलंय. डीजी शिपिंगलाही लेखी तक्रार दिली. पाटल्या मंगळवारी सोडवल्या. चार दिवसांचं व्याज गेलं.

त्याची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पेढे वाटून झाले होते ना. तिच्या दृष्टीने मी लागलेलं काम मोडलं. वाडीत कुजबुज आहे की ह्याने स्वतः पैसे देऊन बंगला बांधला आणि आता दुसऱ्याच्या पोराला शहाणपण शिकवतो. त्यांना मी काय उत्तर देऊ?

मुलगा मात्र काल आला होता. कोर्सची चौकशी करून आलाय, यादीतल्या तीन कंपन्यांना स्वतःहून अर्ज पाठवलेत. मी त्याला बादल्यांचे रंग पाठ करायला लावले. लाल आणि करडी अजून उलट सांगतो.

शोध घेताना कळलं की त्याच ऑफिसात आपल्या तालुक्यातली अजून तीन पोरं पैसे भरून बसली आहेत. दोघं बोलायला तयार नाहीत, घरी सांगितलेलं नाही म्हणून. एकटा गेला की आपसातला व्यवहार म्हणतात, चौघे एकत्र गेले तर निदान लिहून तरी घेतील. येत्या मंगळवारी मी त्या मुलाला घेऊन नवी मुंबईला तक्रार द्यायला जातोय. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कॉमेंटमध्ये नाव लिहू नका, मला इनबॉक्स करा. पहाटे चारला निघणार.