लेकरू कुणाचं रडायलंय?

शेजारच्या आजींनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी जिन्यात चपला शोधत होतो.

"सर, तुमच्याकडं पाव्हणे आलेत का? लेकरू लई रडायलंय दोन दिवसांपासून. पोटाला ओव्याचा शेक द्या म्हणावं."

मी "हो, देतो" म्हणालो. दुसरं काय सांगणार? ते लेकरू धातूचं आहे, 9 व्होल्टवर चालतं आणि मीच त्याला पायानं दाबून रडवतो, हे सांगितलं असतं तर आजींनी थेट पोलिसांनाच फोन लावला असता.

मी लातुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पहिली बॅच सकाळी साडेसहाला, शेवटची रात्री साडेआठला सुटते आणि मधल्या वेळात पोरांच्या शंका. या गावात क्लासच्या सरांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवणं म्हणजे डॉक्टरनं गुटखा खाण्यासारखं. खातात, पण पालकांसमोर नाही. त्यामुळं माझी सगळी कला मागच्या खोलीत, दार लावून, गहू-ज्वारीच्या कोठ्यांच्या शेजारी.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं आपलं सामान विकायला काढलं आणि मी त्याच्याकडून रॅक घेतला. रॅक म्हणजे एक मजबूत पेटी. आत 19 इंच रुंदीची यंत्रं स्क्रूनं एकावर एक बसवलेली: गिटारचा नाजूक आवाज आधी उचलून त्याला रंग देणारा प्रीअँप, त्याची चव बदलणारं इफेक्टचं यंत्र आणि स्पीकरला जोर देणारा पॉवर अँप. उंची मोजायची युनिटमध्ये, एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच. माझा 6 युनिटचा. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तो उतरवताना क्लीनर म्हणाला, "तिजोरी हाय का सर?" किमतीच्या मानानं तिजोरीच होती, फक्त आत काही उरलं नव्हतं.

विकणाऱ्याचं एक वाक्य मला भावलं होतं. "सर, आता जमिनीवर काही नाही. वाकायचं नाही." चाळिशी ओलांडलेला माणूस या वाक्यावर काहीही विकत घेतो.

पण जमिनीवर एक राहिलंच. वाह, म्हणजे पायानं पुढं-मागं दाबायचं पेडल.

बाकी सगळे इफेक्ट बटणावर चालतात, वाहला मात्र पाय लागतो. त्याच्या पोटात एक फिल्टर असतो. गिटारच्या आवाजातला एक अरुंद पट्टा तो फुगवतो आणि पेडल पुढं-मागं केलं की तो पट्टा साधारण 400-500 हर्ट्झपासून 2000 पर्यंत सरकत जातो. माणूस तोंड मिटून उघडत "वा" म्हणतो, तेव्हा तोंडात हेच होतं. म्हणून ते यंत्र न वाटता कुणीतरी बोलतंय असं वाटतं. किंवा रडतंय. या पेडलचा एक नामांकित अवतार 'क्राय बेबी' याच नावानं विकला जातो, म्हणजे आजींचं निदान कंपनीशी तंतोतंत जुळलं होतं. बायकोचं निदान वेगळं. "स्वतःच वाजवायचं अन् स्वतःच वाह वाह करून घ्यायचं. बरं यंत्र शोधलंय."

शोधलंय ते मात्र अपघातानं. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण इंजिनियर अँपमधल्या एका स्विचच्या जागी फिरवायचं बटण बसवून बघत होता. बटण फिरवलं की आवाज "वा" करतो, हे लक्षात आल्यावर ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात घातलं गेलं. पुढच्या वर्षी ते क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवाल्याच्या नावानं बाजारात आलं, कारण ट्रंपेटच्या तोंडावर म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं झाकण, धरून तो असाच आवाज काढायचा. म्हणजे खोकं ऑर्गनचं, नाव ट्रंपेटवाल्याचं आणि भोगायचं गिटारवाल्यानं.

आता वाह रॅकला जोडायचा कुठं? प्रीअँपच्या पाठीमागं 'सेंड' (आवाज बाहेर काढायचं) आणि 'रिटर्न' (परत आत घ्यायचं) अशी दोन भोकं दिसली. भोक दिसलं की पिन घालायची, या न्यायानं मी वाह तिथं जोडला. चुकलं. तिथं येणारा आवाज प्रीअँपमधून आधीच फाटून, तापून आलेला असतो, त्यावर वाह फिरवला की बोलणं संपतं आणि विमान उडायला लागतं. शिवाय त्या भोकातला सिग्नल तगडा, वाह बिचारा थेट गिटारच्या नाजूक सिग्नलसाठी केलेला. आमच्या मिक्सरमध्ये दगडी मीठ टाकल्यावर होतो, तसा आवाज झाला. इफेक्टच्या यंत्रात तयार वाह होता म्हणे, पण तेही प्रीअँपच्या नंतरच जोडलेलं, म्हणजे पुन्हा विमान.

वाह पाहिजे प्रीअँपच्या आधी. ठीक. पण रॅकवाल्याची ऐट अशी असते की गिटारची केबल रॅकच्या पाठीमागच्या पट्टीत जायला पाहिजे. त्या पट्टीतून एक केबल जमिनीवर वाहकडं, वाहमधून दुसरी परत रॅकमध्ये. तिन्ही केबल 6-6 मीटरच्या. एवढं झाल्यावर रॅकची पाठ आमच्या गंजगोलाईसारखी दिसायला लागली. तिथंही 16 रस्ते येऊन मिळतात आणि नवख्या माणसाला आपण कुठल्या रस्त्यानं आलो ते सापडत नाही. फक्त गोलाईत मध्यभागी देवीचं मंदिर आहे, हात जोडता येतात.

वाजवून बघितलं. वाह बंद असतानासुद्धा गिटार गोधडीखालून वाजत होती.

याचं कारण मी गेली 19 वर्षं फळ्यावर लिहून देतोय. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर, मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. 6 मीटर होती तेव्हा 600. आता 18 मीटर, 1800. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागात, तारेचं वेटोळं, धरा 4 हेन्री. दोघांचा रेझोनन्स, म्हणजे आवाज सगळ्यात जास्त कुठं उठतो ते, काढा. मी वहीच्या मागच्या पानावर काढला: 3200 हर्ट्झच्या वरचा उंचवटा घसरून 1900 च्या खाली आला होता, म्हणजे आवाजाची धारच गेली होती. हाच प्रश्न मी दरवर्षी पोरांना घालतो, चुकलं की "घरी जाऊन वडिलांना शेतात मदत करा" म्हणतो. माझी शेती नाही.

गोधडी कमी होती म्हणून की काय, त्यात घुमायला लागलं. घूंऽऽ असा 50 हर्ट्झचा सूर, आपल्या विजेचा खानदानी सूर. एप्रिल महिना. वायरमननं बाहेरूनच निदान केलं, "अर्थिंग वाळलीय. खड्ड्यात पाणी सोडा." आमच्या अंगणातल्या त्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ आहे, ओल असली तरच ते काम करतं, हे खरं. मी घागर घेऊन निघालो. बायको दारात आडवी.

"अहो, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं या गावात, ते विसरलात? नळाला कधी यायलंय त्याचा पत्ता नाही अन् तुम्ही गिटारीसाठी मिठाच्या खड्ड्यात घागर ओतायलात?"

मी भांडी धुतलेलं पाणी ओतलं. अर्थिंग ओली झाली, घूं तसाच. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला की प्लगची अर्थची जाड पिन काढून टाका. हा सल्ला महाराष्ट्रभर फुकट मिळतो. ती पिन जीव वाचवायला असते, आवाज स्वच्छ करायला नाही, त्यामुळं मी ती काढली नाही. भिंतीवरचा आपला हार घातलेला फोटो मला अजून डोळ्यांसमोर आणायचा नव्हता.

शेवटी आमचे बँजो पार्टीवाले मामा आले. लग्नाच्या वरातीत टेंपोवर उभं राहून बँजो वाजवण्यात यांची पंचवीस वर्षं गेलीत, वाटेत जनरेटरही त्यांनीच दुरुस्त करायचा. मामांनी रॅकची पाठ बघितली, चहा घेतला, परत पाठ बघितली.

"सर, गिटार कुठाय?"

"इथं."

"वाह कुठाय?"

"हा, पायाजवळ."

"मग गिटारीची वायर आधी तिकडं रॅकला जाऊन परत पायाला कशाला यायली? हिथनं हितं घाला की. अन् वाहमधून एकच रॅकला."

मी मागच्या पट्टीबद्दल, रॅकच्या शिस्तीबद्दल काहीतरी बोललो. मामा म्हणाले, "वरातीत एवढी वायर फिरवली तर घोडा अडकंल."

6 मीटर केबल आणि दीड महिना तिथल्या तिथं वाचला. घूं वाहच्या अडाप्टरमुळं होता. अडाप्टर भिंतीच्या एका बोर्डात, रॅक दुसऱ्या बोर्डात, दोघांच्या ग्राउंडची मधे रस्सीखेच. मामांनी अडाप्टर काढून चौकोनी बॅटरी घातली आणि घूं निघून गेला. पण वाहमध्ये गिटारची पिन घातलेली राहिली की बॅटरी चालूच राहते. वाजवून झालं की पिन काढायची, हे मला चौथी बॅटरी संपल्यावर कळलं.

एक दुखणं राहिलं होतं. माझ्या वाहचा जुना स्विच बंद केला तरी सर्किट गिटारला चिकटलेलंच राहायचं आणि थोडा आवाज गिळायचं, जावई गेला तरी त्याची बॅग घरात राहावी तसं. मामांनी स्विच बदलून सोल्डर मारला, आता बंद म्हणजे खरोखर बंद. सोल्डरच्या धुरानं ज्वारीच्या कोठीतले किडेही गेले असावेत.

उरली शहाबादी फरशी. अनवाणी पायानं टाच दाबली की पेडल सरकत पलंगाखाली जायचं आणि मी त्याच्या मागं एका पायावर. मुलीनं न्हाणीतला रबरी पट्टा आणून खाली घातला. आंघोळ करताना आता मी सरकतो.

शनिवारी रात्री शेवटची बॅच सुटल्यावर सगळं जुळलं. मामा कोठीवर बसलेले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी येऊन सांगितलं, "पोरगी नीटची तयारी करायली सर, जरा नीट वाजवा," आणि स्वतःच हसून वर गेले. मी रॅक चालू केला. एक एक दिवा लागला. घूं नाही, गोधडी नाही. तार छेडली, पायाचा चवडा हळूच पुढं दाबला आणि ते लेकरू असं काही बोललं, की मामांच्या हातातला कप तिथंच थांबला.

लाइट गेली.

रॅकमधले सगळे दिवे एकदम विझले. प्रीअँपच्या व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांची, लाली तेवढी सावकाश मावळली. इन्व्हर्टर फक्त पंख्याला, असा घरचा कायदा आहे. माझा पाय अजून चालूच होता आणि अंधारात पेडलच्या दातांचा कर्र-कर्र आवाज येत होता.

भिंतीपलीकडून आजींचा आवाज आला, "झोपलं बाई एकदाचं. आता कुणी उठवू नका त्याला."